नऊ नंबरची भेग

एडना : आणि गेटवरच्या पोरीनं मला चक्क तिकीट मागितलं.

नॉर्मन : तुला?

एडना : मला. बत्तीस वर्षं नवऱ्याचा डबा घेऊन त्या गेटातून ये-जा केली मी. आणि ही म्हणते कशी, पेन्शनवाल्यांना सवलत आहे, आजी.

नॉर्मन : मग सांगायचंस ना, कोण आहेस ते!

एडना : काय सांगू? मी रॉय हॅटर्सलीची विधवा, जरा आत सोड? काढलं मुकाट्यानं तिकीट. हे बघ. मागे बागेचा नकाशासुद्धा छापलाय. तळं, देऊळ, गुहा, मठ. सगळं जागच्या जागी.

नॉर्मन : मला फोन करायचास. मी आलो असतो गेटापर्यंत.

एडना : तुला गुडघ्यानं चालवत नाही, तू कुठला येतोस?

नॉर्मन : बस इथे. बाक ओला नाहीये, मी पुसलाय. हातात काय आहे ते?

एडना : ताटली. टी-रूममधल्या ग्लेनिसची असावी. माणूस गेलं की अख्खं गाव सारण भरलेले पाई भाजून आणून देतं, आणि मग ताटल्या परत करत बसायचं. अकरा आल्या. आठांच्या बुडाला चिकटपट्टीवर नावं होती, त्या दिल्या. तीन बिननावाच्या. त्या घेऊन दारोदार हिंडतेय मी.

नॉर्मन : खाल्लेस का तरी?

एडना : खाल्ले. मटणाचा होता का सफरचंदाचा ते विचारू नकोस. दात काढायच्या आधी सुई मारतात ना, तसं झालंय सगळं तोंड. नुसतं तोंडच नाही. पाच आठवडे झाले, नॉर्मन. सुई उतरतच नाही.

नॉर्मन : उतरेल.

एडना : तू बोलावलंस मला. काय ते बोल.

नॉर्मन : उद्याचं बोलायचं होतं.

एडना : उद्या दहा वाजता कोरोनरपुढे चौकशी, रॉय कसा गेला त्याची. माहितीये मला. त्यांच्या माणसाचा फोन आला होता. फार गोड बोलला. म्हणाला, बाई, तुम्ही नुसतं बसलात तरी चालेल.

नॉर्मन : एडी, इथे यायला तुला... म्हणजे, त्याच्यासमोर बसायला काही वाटत नाही ना? नाहीतर तळ्याकडे जाऊ.

एडना : त्याच्यासमोर म्हणजे? त्या दगडांसमोर? काही वाटत नाही. तेच तर सांगतेय. कमान होती तिथे आता आभाळ दिसतंय, एवढंच. आणि गोठा दिसायला लागलाय मागचा.

नॉर्मन : हो. आधी दिसत नव्हता.

एडना : आपले बाबा सांगायचे, आठवतं? लॉर्डसाहेबाच्या बायकोला जेवताना खिडकीतून पडका मठ बघायचा होता. गावात पडका मठ नव्हता, मग नवाकोरा पडका बांधून घेतला. आणि पैसे फुकट नकोत जायला म्हणून मागनं गाई बांधल्या. पुढून पाहुणे हळहळतायत आणि मागून गाई रवंथ करतायत.

नॉर्मन : दोनशे चाळीस वर्षं झाली.

मिसेस ऑल्डरसन : नमस्कार, नमस्कार! इथून फारच सुंदर दिसतं, नाही का? आपण पहिल्यांदाच आलात थॉर्नबीला?

एडना : तिकीट काढून पहिल्यांदाच.

मिसेस ऑल्डरसन : अरे वा! मी मिसेस ऑल्डरसन. मी इथे सेवाभावी काम करते, याच आठवड्यापासून. काही माहिती सांगू का? हा मठ बरं का, मठच नाही! इथे एकही साधू कधी राहिला नाही. सगळं मुद्दाम मोडकं बांधलेलं आहे. भिंतींना सतरा भेगा आहेत आणि सतराच्या सतरा मूळ नकाशात काढलेल्या आहेत, नंबर घालून!

नॉर्मन : बाई, आम्हाला—

एडना : सांगू दे रे तिला. सांगा तुम्ही.

मिसेस ऑल्डरसन : पाहुणे नेहमी घाबरतात, आता पडणार की काय म्हणून. पण घाबरायचं कारण नाही. ती गंमतच आहे त्यातली. म्हणजे... गेल्या महिन्यात एक कमान खरोखर कोसळली हो. एक माळी शिडीवर होता, आयव्हीचा वेल छाटत होता. फार वाईट झालं. म्हणून ती दोरी बांधलीय.

एडना : हो का?

मिसेस ऑल्डरसन : पण एक सांगू? आपल्यातच हं. सगळे म्हणतात, आता आधीपेक्षा जास्त छान दिसतं! ते खाली पडलेले दगड, मधून दिसणारं आभाळ... ऑफिसनं ठरवलंय, असंच ठेवायचं. नकाशात आता हा भाग नव्यानं काढून घेणार आहेत म्हणे.

एडना : छान दिसतं खरं.

मिसेस ऑल्डरसन : हो ना? बरं, तिकडे बस आलीय वाटतं, मी जरा बघून येते. आलेच हं. काही विचारायचं असलं तर अवश्य विचारा!

नॉर्मन : थांब, मी जाऊन सांगतो तिला कोण आहेस ते.

एडना : कशाला? पहिला आठवडा आहे तिचा. रात्रभर रडत बसेल बिचारी. मला तेही जमत नाही. नकाशा कोण काढणार आहे नवीन?

नॉर्मन : मला सांगितलंय.

एडना : आणि काढणार तू?

नॉर्मन : अजून हो म्हटलेलं नाही. आणखी एक कागद दिलाय त्यांनी. हा. टाइप करून दिलाय, उद्या वाचायचा.

एडना : चष्मा नाही आणला मी. तूच वाच.

नॉर्मन : "मी, नॉर्मन क्रॅबट्री, थॉर्नबी इस्टेटीचा गवंडी, असे सांगतो की कमानीच्या स्थितीबाबत माझ्याकडे कोणीही, कधीही तक्रार केली नव्हती." खाली सहीची जागा आहे.

एडना : सही केलेली नाहीस.

नॉर्मन : नाही.

एडना : केली होती कुणी तक्रार?

(नॉर्मन कागदाची घडी घालतो, उलगडतो, पुन्हा घालतो.)

नॉर्मन : रॉयनं केली होती.

एडना : बोल.

नॉर्मन : मार्चमध्ये. मी दर मार्चला भेगा साफ करतो, तुला ठाऊक आहे. शेवाळ खरवडायचं, चुना बसला असेल तर काढायचा. फुटकं ते फुटकंच दिसायला हवं. तर मी जेवायला बसलो होतो. सगळे होते, ट्रॅक्टरवाला, ग्रीनहाऊसमधल्या पोरी. हा आला आणि म्हणाला, नॉर्मन, तुझी नऊ नंबरची उघडलीय. माझं बोट जातंय आत. शरदात जात नव्हतं.

एडना : मग?

नॉर्मन : मी हसलो.

एडना : नुसता हसलास?

नॉर्मन : नाही. म्हटलं, काय रे, तिकीट काढून आलास का?

एडना : हं.

नॉर्मन : सगळे हसले. तुला माहितीये कसं आहे आपल्यात. बाबांपासूनचं आहे ते. बाहेरचे येतात, कमानीखाली उभे राहतात आणि किंचाळतात, अगं बाई पडली. आपण नाही घाबरायचं. घाबरला तो पाहुणा. मलाही पोरवयात बाबांनी दहाजणांत विचारलं होतं, तिकीट काढलंस का रे, म्हणून. आठ दिवस मान वर केली नव्हती मी.

एडना : रॉय काय म्हणाला?

नॉर्मन : तोही हसला. कान लाल झाले त्याचे. म्हणाला, तू गवंडी, मी आपला पालापाचोळा बघणारा. आणि सूप प्यायला बसला. पुन्हा कधी विषय काढला नाही.

एडना : तू जाऊन बघितलं नाहीस?

नॉर्मन : काय बघू? नऊ नंबरची भेग नकाशातच आहे. बोट जाईल एवढी काढलीय. मी चाळीस वर्षं तीच उघडी ठेवत आलो. खऱ्या भिंतीला भेग पडली तर आम्ही काचेची पट्टी चिकटवतो, भिंत हलली की पट्टी तडकते. मठाला कोण काच लावणार, एडी? जी भिंत रोज पडताना दिसते, ती पडायला लागलीय हे ओळखायचं कशावरून?

एडना : त्यानं ओळखलं.

नॉर्मन : हो. त्यानं ओळखलं.

एडना : गुरुवार होता तो.

नॉर्मन : काय?

एडना : मार्चमधला तो दिवस. गुरुवार होता. मासे होते जेवायला, कारण शुक्रवारी मासेवाल्याचं दुकान बंद राहणार होतं. त्यानं बोट दाखवलं मला. हे बघ म्हणाला, इथपर्यंत जातं. आणि नॉर्मनला सांगितलं तर त्यानं माझी टर उडवली.

नॉर्मन : म्हणजे तुला ठाऊक होतं? पाच आठवडे ठाऊक होतं?

एडना : हो.

नॉर्मन : आणि तू एक शब्द बोलली नाहीस! मी रोज तुझ्या दारात कोळसा टाकून जातोय, आणि तू चहा पाजतेस मला!

एडना : वाट बघत होते. म्हटलं, बघू सांगतो का.

नॉर्मन : शिव्या तरी घाल. एडी, काहीतरी बोल मला. तोंडावर थुंक.

एडना : राग आला असता तर घातल्या असत्या. येतच नाही. सकाळी उठून बघते, आलाय का. नाही आलेला. मग राखेची बादली बाहेर ठेवते.

नॉर्मन : ऑफिसवाले म्हणाले, तू तक्रार होती असं म्हणालास तर सगळं तुझ्यावर येईल. घर त्यांचंच आहे माझं. या वयात कुठे जाऊ?

एडना : मला माहीत नाही.

नॉर्मन : मी काय करू, सांग. तू म्हणशील तसं करतो. सही कर म्हणालीस तर करतो, नको म्हणालीस तर फाडतो.

एडना : नाही हं, नॉर्मन. ते माझ्या पदरात टाकू नकोस. माझ्या पदरात माझंच पुरेसं आहे.

नॉर्मन : तुझं कसलं?

एडना : कमान पडली त्या दिवशी सकाळी त्याला कामावर जायचं नव्हतं. बूट घालून दारात उभा होता, निघत नव्हता. म्हणाला, एडना, नऊच्या वरची आयव्ही तेवढी सोडून देतो या वर्षी. दिसेना का जरा झिपरी. मला आदल्या संध्याकाळपासून फरशी धुवायची होती आणि हा बूट घालून फरशीवर. मी काय म्हटलं असेल?

नॉर्मन : नको सांगूस.

एडना : म्हटलं, माझा भाऊ गवंडी आहे, त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि मग तेच म्हटलं. बाबांचंच. तिकीट काढलंस का रे? हसत म्हटलं मी. तोही हसला. गेला.

नॉर्मन : एडी...

एडना : रडू नकोस. तुला येतंय म्हणून माझ्यासमोर रडू नकोस.

नॉर्मन : नाही रडत.

एडना : आज गेटवर त्या पोरीनं तिकीट मागितलं ना, तेव्हा पर्स उघडताना माझा हात जरा थरथरला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. बरं वाटलं मला. म्हटलं, काढलं बाई एकदा तिकीट. आता मला घाबरायला हरकत नाही.

मिसेस ऑल्डरसन : आले, आले! बस कोळशाच्या खाणींच्या गावातली निघाली, लोक फक्त स्वच्छतागृह विचारत होते. काय, मग? काही शंका?

एडना : एक आहे. मी तिकीट काढलंय, तेव्हा विचारते.

मिसेस ऑल्डरसन : विचारा की!

एडना : तो डावा खांब बघा. कमान जिथून सुटली तिथून खाली एक भेग आलीय. आतून ताज्या दगडासारखी पिवळी दिसतेय ती. ती सतरांतली का?

मिसेस ऑल्डरसन : कुठली? ती होय... असणारच. म्हणजे इथे सगळं मुद्दामच केलेलं आहे ना. थांबा, माझ्या कागदावर... आठ, नऊ... हो, नऊ नंबरची असेल. घाबरू नका, ती बांधतानाच ठेवलेली आहे.

एडना : नक्की?

मिसेस ऑल्डरसन : अगदी नक्की.

नॉर्मन : नाही, बाई.

मिसेस ऑल्डरसन : काय म्हणालात?

नॉर्मन : वरची हातभर बांधलेली आहे. तिथून खाली खरी आहे. ती नकाशात नाही. दोरी आणखी दहा पावलं मागे घ्या, तो खांबही उभा राहायचा नाही. मी इथला गवंडी आहे.

मिसेस ऑल्डरसन : अय्या, आपण इथलेच? मग मी इतका वेळ... पण ऑफिसनं तर सांगितलं की कुणाला काही कल्पनाच नव्हती.

नॉर्मन : कल्पना होती. जो माळी गेला त्याचं नाव रॉय हॅटर्सली. त्यानं मला मार्चमध्ये सांगितलं होतं. मी बघायला गेलो नाही.

मिसेस ऑल्डरसन : अरे देवा. मी... मी दोरीचं बघते. लगेच बघते. माफ करा हं मला.

एडना : तुम्ही काही केलं नाहीत. आणि ही ताटली जाता जाता टी-रूममध्ये द्याल? ग्लेनिसची नसली तर तिथेच असू दे.

मिसेस ऑल्डरसन : हो... हो, देते.

नॉर्मन : सांगून टाकलं मी.

एडना : बस जरा. उद्या असंच सांग. एवढंच, आणि याच आवाजात. पुढे काही जोडू नकोस.

नॉर्मन : तू येशील?

एडना : येईन. त्या माणसानं सांगितलंय नुसतं बसलं तरी चालेल, पण तुझं झालं की मी उठणार आहे. मलाही माझं सांगायचंय.