मावशींनी बदललेला भाग

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आपले मॅनेजरसाहेब, व्यासपीठावरचे युनियनचे सेक्रेटरी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या पॅकिंगच्या मावशी, आणि पाळी बदलायच्या घाईतही आवर्जून थांबलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

साहेबांनी आत्ताच मावशींच्या अठ्ठावीस वर्षांच्या कामाचा गौरव केला. गोळ्यांची लाखो पाकिटं हातांखालून गेली, एक तक्रार नाही. सगळं खरं. पण साहेब, मावशींचं मोठं काम तुमच्या रजिस्टरात नाही. ते लॉकररूममध्ये चालायचं, पावणेतीन ते तीन.

आम्ही दुसऱ्या पाळीच्या. संध्याकाळी आठची मालिका आमच्या नशिबात कुठली? पहिली पाळी सुटली की मावशी बाकावर बसायच्या आणि कालचा भाग सांगायच्या, सासूच्या आवाजासकट. पुरुषमंडळी म्हणतात, काय ती रडारड! अहो, स्वतःसाठी घरात रडलं तर दहा जण विचारतात, काय झालं? मालिकेतल्या सुनेसाठी रडलं तर कोणी विचारत नाही. आम्ही कितीतरी रडणी तिच्या नावावर उरकली.

माझंही एक होतं. आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिने मला दारातून परत पाठवलं, त्याला सहा वर्षं झाली होती. ती आजारी असल्याचं भावाने कळवलं, तरी माझा पाय निघेना. पुन्हा तोंडावर दार लावलं तर? हे फक्त मावशींना माहीत होतं.

नेमकी त्याच आठवड्यात मालिकेतली थोरली लेक रुसवा विसरून माहेरच्या दारात आली. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आईने दार उघडलं गं. रागावली नाही, काही नाही. नुसतं विचारलं, जेवलीस का?" आम्ही नऊच्या नऊ जणी हमसून रडलो. मी तशीच सुट्टी मागून निघाले.

आईनेच दार उघडलं, भिंतीला धरून. क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "काल मालिकेत बघितलंस? त्या मेलीने पोरीच्या तोंडावर दार लावलं! असं करतं का कोणी?" मग तिचं तिलाच आठवलं आणि ती तोंडावर हात धरून रडायला लागली.

मावशींनी भाग बदलून सांगितला होता! पुढचे चार दिवस त्यांनी अख्खी मालिका स्वतःच्या मनाने चालवली. एकीच्या नणंदेमुळे पकडल्या गेल्या, तर आमच्यावरच उखडल्या, "ऐकताना लक्ष कुठे असतं गं तुमचं?"

आई मला एकोणीस दिवस मिळाली. सहा वर्षं आम्ही दोघींनी अशीच घालवली, याचं दुःख अजून जात नाही. मावशींचा भाग मी तिला सांगितला. तेव्हा ती म्हणाली, "त्यांना सांग, मी दार उघडलं म्हणावं."

याला तीन वर्षं झाली. लॉकररूममध्ये सांगायला जायचे, भलतंच काही बोलून बसायचे, तेवढ्यात पाळीची घंटा व्हायची. उद्यापासून त्या बाकावर तुम्ही नसाल. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते मावशी, आईने दार उघडलं.

आजची पाळी वीस मिनिटं उशिरा सुरू करू दिली, त्याबद्दल साहेबांचे आणि तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आणि मावशी, आईचं एवढं एक सांगणं पोचवायला मी तीन वर्षं लावली, ते तुम्ही पोटात घाला.