कुसुमकाकूंनी न दाखवलेला रिपोर्ट

काका, आणि कॉलनीतल्या माझ्या सर्व वडीलधाऱ्यांनो,

मी वैदेही, काकूंच्या खालच्या मजल्यावरची. चार माणसांसमोर मी कधी बोलले नाही. आजही कागद हातात धरूनच उभी आहे. परंतु कुसुमकाकूंविषयीची एक गोष्ट आता माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. ती आज सांगितली नाही, तर माझ्याने पुढे कधीच सांगवणार नाही.

आपल्या कोराडीच्या कॉलनीचे वाचनालय काकूंनी वर्षानुवर्षे सांभाळले. पुढे त्या नोंदी विसरू लागल्या, चिडू लागल्या, सारखे पाणी पिऊ लागल्या. आपण हसलो. "काहून वं कुसुम, पोटात नळ बसवला का?" काकूही ठणकावायच्या, "हो, तुह्या घरचं पाणी गेलं की ये मंग भरायले!" आपल्याला वाटले, वय झाले.

मी दहावीत शाळेत पहिली आले, त्या उन्हाळ्यात काकू रक्ताचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांची सगळी हाडे दुखत होती.

"तू हुशार आहेस. वाचून सांग वं मले."

कॅल्शियम वाढलेले होते. मी म्हणाले, "काकू, हे तर चांगले आहे. तुमची हाडे मजबूत आहेत."

"मंग दुखून काहून राहिले?"

मला उत्तर येत नव्हते. 'येत नाही' असे म्हणण्याची मला सवयही नव्हती. मी म्हणाले, "दूध घेत जा. कॅल्शियमच्या गोळ्या घेता, त्या चालू ठेवा." त्याच संध्याकाळी तो कागद डॉक्टरांना दाखवायचा होता. माझ्या शब्दावर काकूंनी तो दाखवला नाही.

तीन वर्षे गेली. मूतखडे झाले, तेव्हा कुठे नागपूरच्या सर्जनांनी नीट तपासले. गळ्यात, थायरॉइडच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. काकूंची त्यातली एक फुगली होती. ती हाडांतले कॅल्शियम ओढून रक्तात सोडत होती.

डॉक्टरांनी विचारले, "याआधी कधी कॅल्शियम तपासले होते?" मी शेजारीच उभी होते. काकूंनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "नाही जी. आठवत नाही."

मी स्वतःची समजूत घातली, की त्या विसरल्या असतील.

ती ग्रंथी काढली. गळ्यावर बोटभर चीर, एवढेच. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "ओठावर मुंग्या चालून राहिल्या वं!" उपाशी हाडे कॅल्शियम परत खेचून घेत होती, म्हणून ते रक्तात कमी पडत होते. महिनाभरात काकू पहिल्यासारख्या झाल्या. कोणते पुस्तक कोणाच्या घरी अडकले आहे, हे त्या न बघता सांगू लागल्या. सगळे आठवू लागले त्यांना. सगळे. तरीही त्या कागदाविषयी त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आणि मीही बोलले नाही.

मूत्रपिंडे मात्र सुधारली नाहीत. इतक्या वर्षांच्या कॅल्शियमने ती आधीच निकामी होत आली होती, आणि वर्षभरात काकू गेल्या. काका, शस्त्रक्रियेत काही चुकले का, असे तुम्ही सर्वांना विचारत असता. काही चुकले नाही. शस्त्रक्रियेलाच उशीर झाला. तो उशीर माझ्यामुळे झाला.

तुम्ही माझ्यावर रागवा. तुमचा तो हक्क आहे.

आता आपण उभे राहू या. काकूंसाठी दोन मिनिटे गप्प राहू या. त्या माझ्यासाठी वर्षभर गप्प राहिल्या. यापुढे माझ्यासाठी कोणीही गप्प राहू नये.