धडधाकटांचा गट

मेंदूचे फोटो काढतात त्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. काका आगीच्या बंबावरून निवृत्त झालेले. धसका घेतलेल्या आणि धडधाकट माणसांचे मेंदू तिथे एका अभ्यासासाठी ताडून बघत होते. काका धसक्याच्या गटात, काकू धडधाकटांच्या.

“त्या यंत्राच्या नळीत मी शिरणार नाही. सांगून ठेवतो.”

“जळत्या घरात शिरत होतात की!”

“त्याला खिडक्या असायच्या.”

“माझ्याकडे बघा, कशी निवांत बसलेय!”

“काकू, तुमचा फॉर्म राहिलाय,” नर्स म्हणाली. “झोपेतून दचकून उठता?”

“हे ओरडतात ना, म्हणून.”

“आणि नाही ओरडले तर?”

“मग श्वास चालू आहे का, ते बघायला उठते.”

“गॅस बंद केलाय का, किती वेळा बघता?”

“सातदा. आत्ता शेजारीण बघतेय. किल्ली देऊन आलेय.”

“काकू, तुम्हाला यांच्याच गटात घालावं लागेल.”

“अगं बाई! मग मी नाही जायची त्या नळीत.”

“घाबरतेस काय? सिस्टर, हे घड्याळ धरा. आधी मी जातो. आत कसं आहे ते बाहेर येऊन सांगतो हिला.”