‘जमेल’ एवढंच म्हणायचं होतं

...नाही हो, बसा, काही होत नाही, ती हलतेच! धक्क्याला बांधली तरी हलते, समुद्रात गेली की आपल्याला हलवते, आणि आमचे हे म्हणतात, "अगं, जिवंत आहे ती!" असेल बाई जिवंत, पण आम्ही? तुम्हाला सांगते, तीन वर्षं झाली, चांगलं चार खोल्यांचं घर विकून या बत्तीस फुटांच्या शिडाच्या बोटीवर राहतोय, या धक्क्यावरून त्या धक्क्यावर, आणि का, तर हे निवृत्त झाले आणि यांना स्वातंत्र्य पाहिजे होतं! वारा नेईल तिकडे जायचं म्हणे. तीन वर्षांत एकदा तरी वारा पाठीमागून आला असेल तर शपथ! जिकडे जायचंय तिकडूनच येतो मेला, ठरवून. मग इंजिन लावायचं. मग इंजिन बंद पडायचं. मग जो धक्का जवळ असेल तिथला मेकॅनिक येतो, आत डोकं घालतो, च् च् करतो आणि म्हणतो, "पार्ट मागवावा लागेल." हे आमचं स्वातंत्र्य!

बरं, मीठ पाहिजे. साधं मीठ हो! तर आधी यांना उठवा, मग यांच्या खालची गादी उचला, मग फळी उचला, मग आत हात घाला, की हातात काय येतो? पाना! "अगं, तो मीच ठेवलाय तिथे." आणि संडास... जाऊ दे, तुम्ही पाहुणे. नाही, सांगतेच! पंचवीस वेळा पंप मारावा लागतो, आणि प्रत्येक पंप बाहेर ऐकू जातो. शेजारच्या बोटीवरचे म्हातारबुवा मोजतात हो! परवा मी बाहेर आले तर म्हणाले, "काय, आज बावीसच?"

माणूस तसा शांत आहे आमचा. घरी कधी आवाज चढवला नाही. पण बोट धक्क्याला लावायची वेळ आली की अंगात येतं! "दोर! दोर टाक! तो नाही, तो! अगं उडी मार, उडी!" उडी? साठीला आलेय मी! आणि अख्खा धक्का हातात कप घेऊन बघत असतो. मुलगा फोनवर म्हणतो, "आई, किती रोमँटिक!" म्हटलं, ये की मग राहायला. तर त्याला सुट्टी नाही.

थांबा, माझं पूर्ण होऊ दे. तर या महिन्यात काय झालं, धाकट्या बहिणीच्या घरावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. ती म्हणाली, "ताई, महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी अडवून ठेवते, मग मात्र भाडेकरू बघीन." दोन खोल्या! ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहते अशा! मी रडले, जेवण सोडलं, अबोला धरला, शेवटी हे म्हणाले, "ठीक आहे. आवडीनं घेणारा कुणी आला तर बोट देऊन टाकू. पण तो येईल तेव्हा तू फक्त बोलू नकोस." म्हटलं, नाही बोलणार.

आणि गेल्या रविवारी आले की हो! एक टोपीवाले गृहस्थ, नुकतेच निवृत्त, आणि मागे त्यांच्या मिसेस, पर्स छातीशी धरून. यांनी बोट काय दाखवली म्हणून सांगू! डोलकाठीवरून असा हात फिरवत... शीड, सूर्यास्त, डॉल्फिन! डॉल्फिन? मी तीन वर्षांत एकच बघितला, तोही कठड्यावरून वाकून उलटी करताना! अगदी ओठावर आलं होतं, पण तू फक्त बोलू नकोस म्हणाले होते ना... नाही बोलले. टोपीवाल्यांनी विचारलं, "आत दमट नाही ना वाटत?" हे म्हणाले, "छे!" माझ्या अंगातला गाउन मंगळवारी धुतलेला, रविवारी ओला! नाही बोलले. टोपीवाल्यांचे डोळे चमकायला लागले, माझ्या मनात तर बहिणीच्या खोल्यांना पडदेसुद्धा लागले.

मग पुरुष वर गेले दोर बघायला, आणि खाली आम्ही दोघी. गुडघ्याला गुडघा लागलेला, जागाच तेवढी. ती बाई इकडे बघते, तिकडे बघते, पायात कोरे करकरीत बूट, बोटीसाठी घेतलेले, आणि हळूच मला म्हणते, "ताई, खरं सांगा हं... मला जमेल का?"

जमेल! एवढंच म्हणायचं होतं. तीन अक्षरं हो! पण मीही अस्सेच बूट घेतले होते. मीही आधीच्या मालकिणीला हेच विचारलं होतं, आणि ती सटवी गोड हसून म्हणाली होती, "सवय होते हो!" तर मी तोंड उघडलं जमेल म्हणायला, आणि बाहेर काय पडलं? "बाई, पळ!"

झालं! मग कसली थांबतेय मी! मीठ काय, पंप काय, उडी काय... दीड तास! ती रडली, मी रडले, तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं हो. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग ती उठली, वर गेली, नवऱ्याला एवढंच म्हणाली, "घरी चला." आणि टोपी निघाली तिच्या मागोमाग.

हे रागावले म्हणता? रागावले असते तर परवडलं असतं! शीळ घालत दोर गुंडाळत बसले. "तुला म्हटलं होतं ना, तू फक्त बोलू नकोस."

आता महिना संपायला चारच दिवस राहिलेत. पण मी ठरवलंय, पुन्हा कुणी बघायला आलं ना, तोंडाला कुलूप! विचारलं तर जमेल, न विचारताही जमेल! रोज आरशासमोर सराव करते, आता आरसाही हलतो म्हणा, पण...

अहो, उठलात का? बसा ना, हे धक्क्याच्या ऑफिसात गेलेत फक्त, येतील एवढ्यात... वहिनी, तुम्ही अशा पांढऱ्याफटक का पडलात? आणि हा मोबाइलवर फोटो कसला... बघू... अगंबाई, ही तर आमचीच बोट! म्हणजे तुम्ही...

जमेल! वहिनी, जमेल हो!... नाही?

बरं. मग निदान चहा तरी घेऊन जा. शेगडी पेटायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात राहिलेलं सांगते.