मावळतीची भिंत

हॅलो? … कोण, प्राची? … हां, मी वैजयंती वहिनीच, बोल गं… न्हाई, न्हाई, कामात कसली, बसलेच व्हते.

… जेवलो की. पिठलं केलं व्हतं. … आण्णा? बरे हायेत. खाल्लं थोडं. … तुझा दादा न्हाई घरात, ओतूरला गेलाय… असंच. कामाला.

… कसला आवाज? … हितं? … ते व्हय… शेजारची मसाला कुटतीया. … हो, भर दुपारची. तिला कुठं काय कळतंय.

… अगं ऐक ना, पुण्यात लई गरम व्हतंय म्हणं? … हो, हो… आपलं घर? न्हाई गं, थंडगार. अख्ख्या पिंपरी पेंढारात असं घर न्हाई. खालच्या झडपा उघडल्या की वारं आत येतं, गरम हवा वरनं निघून जाती. तू शिकवलं तसंच करते सगळं.

… रविवारी? … पोरं घिऊन? … कॉलेजातली… घर बघायला. … बरं. … काय दाखवणार? … भिंत. … मावळतीची भिंत दाखवणार.

… न्हाई, ऐकतीय ना. … प्राची, रविवारी नको गं. जरा पुढं ढकल. … न्हाई, पावणं-बिवणं कुणी न्हाई… कारण म्हणजे…

चाचा, थांबा जरा! दम धरा!

… कुणाला म्हणजे… … पीरमहंमद चाचांना. … हो, आपलेच मिस्त्री. ती भिंत ज्यांनी बांधली तेच.

… ओरडू नको. सांगते. आधी ऐकून घे, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल. … आण्णांच्या खोलीतली मावळतीची भिंत मी फोडायला लावलीया. खिडकीसाठी. … हो, आज. सकाळधरनं चाललंय. … मसाला न्हाई कुटत कुणी.

… माहितीय गं, माहितीय! दुपारचं ऊन तिकडनं, पावसाची झड तिकडनं. म्हणून तर तू दगडाची दुप्पट जाड भिंत घेतली, साधा झरोका ठेवला न्हाई. मला पाठ हाय समदं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच सांगते, आमच्या प्राचीनं आर्किटेक्ट झाल्यावर पहिलं घर आण्णांसाठी बांधलं म्हणून. … तुझं चुकलं असं कुठं म्हणते मी?

… विचारायला पायजे व्हतं. … हो. … चुकलंच माझं. फोन हातात घ्यायची न् परत ठेवायची. तू नको म्हणली असतीस तर काय केलं असतं मी?

… अगं, लकवा मारल्यापासनं ते भिंतीकडं तोंड करून पडत्यात. या कुशीवर वळवलं की लगेच, 'तिकडं कर'. मला वाटायचं, माझ्यावर रुसलेत, माझं तोंड बघायचं न्हाई त्यांना. मीही फुगून बसले. … ऐक तर पुढं. एक दिवस म्हणले, 'सुनबाई, मोटर बंद पडली बघ.' मला तर काय ऐकू आलं न्हाई. जाऊन बघते तर खरंच बंद! … आलं का ध्यानात? रान भिंतीपल्याड हाय ना. ते भिंतीला कान लावून रान ऐकत्यात गं.

… लिंटल? बसवलंय. आधी भार धरायला वर आडवं लिंटल, मग खालचे दगड काढले. चाचा काय येडे हायेत? … ते तर तयारच न्हवते. 'प्राचीताईला विचारलं का?' एवढंच तोंडात. … मग काय सांगणार? … म्हणले, तिनंच सांगितलंय.

… हो, खोटं बोलले. … आण्णांनाही तेच. … मग काय करू? ते हात लावू देईनात! 'पोरीनं माझ्यासाठी बांधलंय, फोडायचं न्हाई.' शेवटी मीच म्हणले, प्राचीचाच फोन आला व्हता, आण्णांना रान दिसाया पायजे म्हणत व्हती. … तर ते रडले गं. 'पोरीच्या ध्यानात आलं,' म्हणले. … त्यांना फसवलं, तुला फसवलं. तवापासनं मला घास उतरंना.

… न्हाई गं, असं नको बोलू. तू समदं विचारलं व्हतंस. ऊन कुठनं, वारं कुठनं, पाणी कुठं साचतं. आण्णाच तुझ्यासंगं काठी रोवून सावल्या बघत हिंडायचे. मावळतीचं ऊन वंगाळ, हे त्यांनीच सांगितलं ना? तवा चालते-फिरते व्हते. रान बघाया खिडकी कशाला लागती, पाय व्हते त्यांना.

… काय? … उंची? … खाटेएवढी. पडल्या पडल्या दिसंल अशी. … छज्जा? … थांब, सावकाश सांग. … लांब काढायचा, बरं. … वेल? कारल्याचा सोडते, न्हाईतर घेवड्याचा. … बांबूचा पडदा. बाहेरनं लावायचा, आतनं न्हाई. … हो, सांगते चाचांना. … चौकट आणायलाच गेलाय तुझा दादा.

… आत्ता? त्यांना देऊ फोन? … प्राची, एवढं ऐक माझं. ते शाबासकी देतील. तू नुसतं हो म्हण. … तुझं काय जातंय? … अगं पण… … बरं. देते.

आण्णा, प्राची हाय. धरा. असा, कानाला लावा.

हॅलो? … प्राची? … मी गं, आण्णा. … बरा हाय. … मधला दगड आत्ताच निघाला बघ. उजेड आलाय. … कांद्याची पात दिसती. लिंबाखालचा वाफा. … तुला बरं सुचलं, पोरी. मी तर कुणापाशी बोललो न्हवतो… … काय?

… तू न्हाई सांगितलं? … मग कुणी? … … हिनं?

… अगं, रडती कशापायी? … भिंत ब्येस व्हती तुझी. एक दिस तापली न्हाई. … राग कशाचा? … ऐक… ही पण हितं पदर तोंडाला लावून उभी हाय.

… तुमी दोघी रडून घ्या सावकाश. मला रान बघू द्या. … ए मिस्त्री, थांबलास का? हाण की! … वैजयंती, इतके दिस हे रान कुठं बंद व्हतं गं?