पांढऱ्याचं काळं

— उद्या नाही, परवा. काळ्या रंगाला लागणारं मायफळ संपलंय, हिराकसही संपत आलाय. अख्ख्या दमास्कसला एकाच आठवड्यात काळे कपडे हवेत, मी एकटा कुठवर पुरणार? ठेवा झगा तिथे, बसा. काल कोण आलं होतं सांगू — मोठ्या मशिदीत शुक्रवारचं प्रवचन देतात ते. वीस वर्षं या माणसानं उमय्या खलिफांसाठी दुआ मागितली, अन् गेल्या शुक्रवारी त्याच तोंडानं त्यांना शिव्याशाप. वर मला बजावतात, "झुरैक, शिवणीतून उमय्यांचं पांढरं दिसता कामा नये." शिसारी आली मला.

उमय्या फार चांगले होते असं नाही हं. सिंधपासून पार मावळतीच्या अंदलुसपर्यंत राज्य, नव्वद वर्षं — आणि माझ्या बापाला, अरब नाही म्हणून, लढाईत घोडा नाही. पायी गेला, पायीच मेला. त्यांना उलथवणाऱ्या अब्बासींचे काळे झेंडे वेशीत आले तेव्हा मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू? ती मशीद उमय्यांची, रस्ते त्यांचे, दफ्तरातली अरबी त्यांची, ते राहील. पण या नव्यांनी काय केलं? थडगी उकरली. मेलेल्या खलिफाच्या हाडांना चाबूक मारले — हाडांना.

आणि आमचे अबान — राजवाड्यातले कारकून, त्या घराण्याचे कुठले तरी लांबचे भाऊबंद. माझ्या बापाचं प्रेत आणायला खेचर दिलं होतं ते त्यांनीच. नवे लोक त्या घराण्यातला एकेक माणूस वेचून मारत होते; लपायला आले, तर नाही कसं म्हणू? रिकाम्या रांजणात बसवलं, वर ओली कापडं टाकली. दुपारी शिपाई आले. आत कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. एवढंच बोललो, शपथेवर सांगतो. फक्त नजर गेली — रांजणाकडे. आता गेली की नेली, कोण सांगणार? — नेली. मीच नेली. एकानं माझ्या मुलीचं मनगट धरलं होतं, तुम्ही काय केलं असतं?

ओढून काढलं त्यांना, तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिपायांना म्हणाले, "झुरैकला ठाऊक नव्हतं मी इथे आहे." मला वाचवत होते, कळतंय का — मला.

असं काय बघता? तुम्हीही झगा घेऊन आलातच की. — नाही, उचला तो. परवा नाही, कधीच नाही. दुसरा रंगारी बघा. आणि जाताना दार ओढून घ्या.