मेन पाडून चहा मागणाऱ्या विजयश्रीताई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मोशीच्या व्यापारी मंडळाचा आधार असलेले हिंदुरावकाका, व्यासपीठावर बसलेल्या प्रमुख पाहुण्या, माजी मुख्याध्यापिका कुसुमताई, सत्कारमूर्ती विजयश्रीताई, त्यांच्या घरची मंडळी, आणि जेवणाचा वास येत असूनही खुर्ची न सोडलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

काका म्हणालेत, थोडक्यात बोला. थोडक्यात बोलणारा माणूस धंद्यात पडला असता का हो?

आमचा धंदा सोलरचा, हे तुम्ही जाणताच. छपरावर पॅनेल चढवणं सोपं. खरं डोकं लागतं ते जिन्याखालच्या बोर्डाला. बॅटरीचा दम ठरलेला असतो. म्हणून लाईट गेल्यावर जे चालू राहायला हवं तेवढंच मुख्य बोर्डातून सोडवायचं, फेज आणि न्यूट्रल दोन्ही, आणि इन्व्हर्टरच्या वेगळ्या छोट्या बोर्डावर घ्यायचं. बाकीच्या घराने अंधारात बसायचं. आता अंधारात कोणी बसायचं, हे ठरवणारे आम्ही कोण? पूर्वी आम्ही घरमालकाला विचारायचो. घरमालक म्हणायचा, एसी!

ताई आमच्याकडे कामाला आल्या त्या दुकानात येणारे फोन घ्यायला. पण फोनवर भांडणारी गिऱ्हाइकं ऐकून म्हणाल्या, "भाऊ, मी घरी जाऊन बघते." आणि त्यांनी स्वतःची रीत काढली. कोणाला काही विचारायचं नाही. गिऱ्हाइकाच्या घराचा मेन स्विच पाडायचा, चहा मागायचा आणि कान उघडे ठेवून बसायचं. ज्याची हाक पहिली, त्याची वायर पहिली.

चऱ्होलीच्या धम्मरत्न साहेबांकडे मी स्वतः बरोबर होतो. समोरच बसलेत ते, हसताहेत. ताईंनी मेन पाडला. वरून त्यांची लेक ओरडली, "पप्पा, वायफाय!" हॉलमधून हे साहेब, "अहो मॅडम, मॅच चाललीय!" स्वयंपाकघरातून वहिनी, "चटणी अर्धीच वाटलीय, कोणी केला हा उद्योग?" आमचा फिटर गणराज खूश. खडूने बोर्डावर खुणा करून वायर ओढायला निघाला. ताई म्हणाल्या, "थांब रे. घरात एक माणूस अजून आहे. त्याची हाक आली नाही."

उठून बघितलं. आतल्या पॅसेजमध्ये भर दुपारीसुद्धा उजेड पोचत नाही. तिथे साहेबांच्या आई सोजरबाई भिंतीला हात लावून उभ्या. बाथरूमकडे निघाल्या होत्या.

"आजी, हाक का नाही मारलीत?"

"कशाला गं? लाईट आली म्हंजी जाईन की. समदी आपापल्या कामात हाईत."

धम्मरत्न साहेबांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, आधी आईचा दिवा. मॅच काय, मोबाईलवर बघतो." तेव्हापासून आमच्या दुकानाचा नियम बदलला. पहिली वायर ओरडणाऱ्याची नाही, गप्प उभ्या राहिलेल्याची.

आता मुद्द्यावर येतो. ताई स्वतःचं दुकान काढताहेत. मला म्हणाल्या, "दिघीला गाळा बघितलाय, भाऊ." मी म्हटलं, उत्तम! पण मंडळी, मी भोसरीत वाइंडिंगच्या दुकानात झाडू मारत मोठा झालो. मोटारीच्या आवाजावरून खराब बेअरिंग ओळखणारे कान आहेत हे. ताई 'दिघी' म्हणाल्या तेव्हा कुठेतरी बेअरिंग वाजलं.

गणराजला चहाला नेलं. तो म्हणतो, "भाऊ, आपल्या समोरचा गाळा रिकामा झाला ना, ताईंचा जीव त्याच्यावर आहे. घर मागच्या गल्लीत, सासूबाई आजारी. पण म्हणतात, भाऊंच्या तोंडासमोर दुकान कसं टाकू?"

मित्र म्हणाले, "राव, गप्प बसा, आपोआप दिघीला जातेय." आमच्या घरच्या तर फारच स्पष्ट. म्हणाल्या, "गिऱ्हाइकं तुमचं दुकान विचारत येतात आणि आत आल्यावर विजयश्रीताई कुठायत म्हणतात. समोर आली तर तुम्ही माशा मारणार!" शक्यता आहे. नाकारत नाही.

पण ताई, एवढ्या घरांतून गप्प उभं राहिलेलं माणूस तुम्ही शोधून काढलंत, आणि स्वतःच पॅसेजमध्ये भिंतीला हात लावून उभ्या राहिलात? समोरच्या गाळ्याच्या मालकाशी मी सकाळीच बोललोय. ते बघा, मागे जिलेबीच्या ताटाजवळ उभे आहेत. गाळा तुमच्यासाठी थांबवलाय. बोर्डाची जोडणी गणराज करेल. मेन मात्र मी पाडणार, आणि चहाही मागणार. त्यानंतर कधीही अडलं तर हाक मारा. रस्ता काही फार रुंद नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ भूक आवरून धरणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला शब्द टोचला असेल, तर या वाइंडिंगवाल्याला सांभाळून घ्या.

आणि ताई, डोळे नंतर पुसा. आधी त्या दिघीवाल्याला फोन लावा आणि नाही म्हणून सांगा. मोठ्याने सांगा, आम्हाला ऐकायचंय.